सकवारबाईंच्या पाठराखिणी

दुसऱ्याचं वाक्य पुरं करण्यात खंडोजींचा हात धरणारा चिकपेटेच्या बाजारात कोणी नव्हता. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून "अण्णा, मला जरा..." एवढं म्हणेपर्यंत त्यांनी अस्तराचा तागा फळीवरून ओढलेला असायचा. पिशवीतून डोकावणाऱ्या साडीचा नुसता काठ बघून ते रंग ठरवायचे. बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा, त्यामुळे सवय सुटायला काही कारणच नव्हतं. घरातली माणसं म्हणजे गिऱ्हाइकं नव्हेत, हे कळायला त्यांना सत्तरी गाठावी लागली.

या घराण्यात सांगतात की त्यांचा पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आला. कोणता पूर्वज ते विचारू नये. त्याचा घोडा मात्र दर पिढीला वीतभर उंच होत आलाय. घोडा गेला, तलवार गेली. राहिलं ते गवीपुरमच्या गल्लीतलं माडीचं घर, चिकपेटेतलं अस्तराचं दुकान आणि कन्नडचं बोट धरून चालणारी घरातली मराठी. या घरात "पुरे" कोणी म्हणत नाही, "साकु" म्हणतात. थोड्याला "स्वल्प" म्हणतात, ठीक आहे म्हणायचं तर "सरी", आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

सकवारबाई या घरात आल्या त्या कॅन्टोन्मेंटकडच्या एका मराठा कुटुंबातून. बरोबर पाठराखीण म्हणून मावसबहीण कौशल्या आली होती. नवी नवरी सासरी बावरू नये म्हणून माहेरचं कोणीतरी चार दिवस तिच्याजवळ राहतं, ती पाठराखीण. कौशल्या परत गेली त्या संध्याकाळी सकवारबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. खंडोजी समोर आल्यावर त्या म्हणाल्या, "मला..."

"भूक लागली असेल," खंडोजी म्हणाले, आणि तडक जाऊन कोपऱ्यावरून डोसा बांधून घेऊन आले. डोसा चांगला होता. सकवारबाईंनी खाल्लाही. त्यांना काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं, आणि काही राहिलंय हेसुद्धा खंडोजींच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

सकवारबाईंचं इंग्रजी पुस्तकातलं नव्हतं. माहेरी त्यांच्या शेजारी पियानो शिकवणारी एक अँग्लो-इंडियन बाई राहायची. तिला पाव आणून द्यायला, तिच्या कुंड्यांना पाणी घालायला ही पोर जायची. त्या बाईचं बोलणं कानावर पडून पडून डोक्यात बसलं, पण त्यातला एकही शब्द सुटा बसला नाही. सगळे जोडीनं बसले. पुढं शाळा, बी.ए., गल्लीतल्या शाळेत नोकरी, असं सगळं रीतसर झालं, तरी व्याकरणाच्या पुस्तकाशी बाईंनी जरा अंतर राखूनच संसार केला. नोकरी संपल्यावर त्यांनी माडीवर शिकवणी सुरू केली. साडीच्या दुकानातल्या पोरी, ऑटोवाले, अपार्टमेंटचे वॉचमन, नुकतीच लग्न होऊन आलेली एखादी नागपूरची सून, असे ज्यांचं ज्यांचं इंग्रजीवाचून अडायचं ते सगळे कामावर जायच्या आधी तिथं यायचे. बाईंना सगळे टीचरक्का म्हणायचे.

पहिल्याच दिवशी बाई सांगायच्या, "इंग्रजीतलं क्रियापद नवरीसारखं असतं बघा. एकटं घराबाहेर पडत नाही. त्याची पाठराखीण कोण ते धरून ठेवा. अर्थ मागनं येतोय, त्याला घाई करू नका."

तर डिपेंडची पाठराखीण ऑन. वेटची फॉर. बिलाँगची टू. लुक ही मोठ्या घरची लेक, तिच्याबरोबर कधी आफ्टर येते, कधी फॉर, कधी फॉरवर्ड आणि टू अशा दोघी दोघी येतात, आणि जशी सोबत असेल तसा तिचा नूर बदलतो. एन्जॉयच्या दारात टूला मज्जाव. डिस्कस फार धीट, ती एकटीच हिंडते. अख्खं बेंगळूर तिच्यामागं अबाउटला पाठवतं, ते तिला खपत नाही. बाई टेबलावर डस्टर आपटून क्रियापद म्हणायच्या, आणि सगळा वर्ग एका सुरात पाठराखीण म्हणायचा.

"वाँट" रोज सगळ्यात शेवटी यायचा.

"वाँट?"

"टू!"

इथं बाई थांबायच्या. "इथवर माझं. पुढचं ज्याचं त्यानं आणायचं." मग एकेकाकडं बोट. योगीराज ऑटोवाला म्हणायचा, टू बाय माय ओन ऑटो. वॉचमन म्हणायचा, टू स्पीक टू सेक्रेटरी. भार्गवी नावाची साडीच्या दुकानातली पोरगी पहिल्या दिवशी नुसती खाली मान घालून बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "टू सिट." दिवसभर उभं राहावं लागायचं तिला. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. "करेक्ट," एवढंच म्हणाल्या. कुणी अडलं तर बाई त्याच्या तोंडात शब्द घालत नसत. वर्ग चुळबुळायचा, खाली कुकर शिट्ट्या मारायचा, रस्त्यावरून भाजीवाला ओरडत जायचा. बाई डस्टरवर हात ठेवून वाट बघत उभ्या.

हे सगळं खंडोजी खालून ऐकायचे. माडीची जमीन लाकडी फळ्यांची, आणि त्यांची खुर्ची बरोबर वर्गाच्या खाली. हातात कॉफीचा लोटा, मांडीवर पेपर आणि डोक्यावर इंग्रजीचा कोरस, अशी त्यांची सकाळ व्हायची. "झाली का सायबिणीची आरती?" असं ते बाई खाली आल्या की विचारायचे. जिना चढून वर्गात मात्र एकदाही गेले नाहीत. आपल्याला काय करायचंय, अस्तराला इंग्रजी लागत नाही, म्हणायचे. पण कानाला थोडंच कुलूप लावता येतं? एकदा दुकानातला नोकर फोनवर कुणाला तरी "डिस्कस अबाउट" म्हणाला, तर खंडोजींच्या तोंडून निघून गेलं, "अबाउट कशाला रे? ती एकटी हिंडते." कोण एकटी हिंडते, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

उगादीचा पाडवा होऊन गेल्यावर एका सकाळी वर्गातच बाईंच्या हातातून खडू गळून पडला. त्यांनी तो उचलायला हात पुढं केला तर हात वळेना. भार्गवी ओरडत जिना उतरली, योगीराजनं ऑटो आडवी-तिडवी घालत दवाखाना गाठला. वेळेवर पोचल्यामुळे जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत का होईना चालू लागला, पण बोलणं गेलं. समजत सगळं होतं. तोंड उघडायचं, जीभ हलायची, आणि शब्द बाहेर यायचा नाही. मग त्या डाव्या हातानं कपाळावर मारून घ्यायच्या.

यावर खंडोजींनी जन्मभर जे केलं तेच केलं. पाणी? कॉफी? पंखा लावू? बंद करू? खिडकी उघडू? शंतनुला फोन लावू? बाई नाही नाही करून थकायच्या आणि शेवटी कशालाही मान डोलावून डोळे मिटून घ्यायच्या. चिकपेटेत काठ बघून रंग ओळखणाऱ्या माणसाला समोर बसलेल्या बायकोला काय हवंय ते ओळखता येईना. सुरुवातीला त्यांना राग यायचा, मग राग संपला आणि भीती उरली. त्या डोळ्यांच्या मागं आपली सकू आहे की नाही, हेच त्यांना कळेनासं झालं. जिवंत माणसाचीही आठवण येते, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा समजलं.

मुलगा शंतनु इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तिथंच भाड्याचा फ्लॅट, बायको सुखदा पुण्याची. दोघांनी ठरवलं होतं की दसरा झाला की आई-अप्पांना तिकडं न्यायचं. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, आणि हे घर बंद ठेवायचं. मुलानं वाईट काहीच योजलं नव्हतं.

"आईला विचारलं मी," शंतनु म्हणाला. "ती हो म्हणाली."

"ती सगळ्यालाच हो म्हणतीय," खंडोजी म्हणाले. "काल दूधवाल्यालाही हो म्हणाली. तिच्या तोंडून येऊ दे एकदा. मग तू म्हणशील तिथं येतो."

"अप्पा, तोंडून कसं येणार?"

पण तेवढं एक त्यांनी धरून ठेवलं. तिच्या तोंडून.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या स्मृती मॅडमनी आकडे म्हणवून पाहिले, आरती म्हणवून पाहिली. आरतीची चाल तेवढी घशातून आली, शब्द नाही आले. मॅडम म्हणाल्या की सध्या एकच भाषा ठेवा, घरातली. सुखदानं हे फार मनावर घेतलं. मोठी गुणाची पोर. लॅपटॉप घेऊन सासरी येऊन राहिली, आणि ऑफिसच्या कामातून वेळ काढून तिनं तक्ते केले. वर चित्र, खाली टपोऱ्या अक्षरात शब्द. पेला. किल्ली. केरसुणी. आणि घरात इंग्रजी एकदम बंद. शिकवणी बंद झालीच होती, आता भार्गवी भेटायला आली तरी तिला दारातच सांगितलं जायचं, इंग्रजी नको हं, आईंचा गोंधळ होईल.

आता या घरात पेल्याला लोटा म्हणतात, किल्लीला चावी म्हणतात, आणि केरसुणीला तर चक्क कन्नडमधलं पोरके म्हणतात. सकवारबाईंनी जन्मात कधी केरसुणी हातात धरली नव्हती. जी झाडून झाडून झिजवली ती सगळी पोरके. अख्खा पावसाळा ही बाई अशा शब्दांची वाट बघत बसली, जे तिच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेच नव्हते. "आई, म्हणा बरं, के-र-सु-णी," सुखदा मायेनं म्हणायची, आणि बाई त्या चित्राकडं शेजाऱ्यांच्या वस्तूकडं बघावं तशा बघायच्या. खंडोजी समोरच असायचे. पण पुण्याच्या सुनेपुढं आपली मराठी काढायला त्यांना तिच्या लग्नापासूनच संकोच वाटायचा. तिची भाषा शुद्ध, छापील. औषध म्हणून दिलेल्या शब्दाला आपण कोण नाव ठेवणार, असं म्हणून ते गप्प बसले. नको तिथं बोलणारा माणूस हवं तिथं गप्प बसला.

मग नवरात्र आलं. आयुधपूजेला बेंगळुरात कशाची पूजा होत नाही? ऑटोला झेंडू, यंत्रांना झेंडू, ऑफिसातल्या काँप्युटरला कुंकू, आणि चौकाचौकात कुंकू भरलेले कोहळे फुटलेले. खंडोजींच्या दुकानात कात्रीची पूजा व्हायची आणि माडीवर सकवारबाईंच्या फळ्याची. फळा धुऊन त्याला हळदकुंकू, माळ, पुढ्यात खडू आणि डस्टर, प्रसादाला चिरमुरे आणि गूळ. इतर घरी त्या दिवशी हत्यारांना विश्रांती असते. या घरची रीत अशी की पूजा झाल्यावर हत्यार एकदा तरी चालवायचं. दुकानात कापडातून कात्री एकदा फिरवायची, आणि माडीवर पाठराखिणी एकदा म्हणायच्या. नाहीतर हत्यार रुसतं म्हणतात.

भार्गवी झेंडूची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मागं योगीराज आणि वर्गातले आणखी काही जण.

"अण्णा, फळ्याची..."

"पूजा करायची, सरी, करा," खंडोजी म्हणाले आणि माडीची चावी काढून दिली.

सुखदानं मान वर केली. "पूजा करा हो, पण ते इंग्रजी..."

"दार लावून म्हणतो अक्का," भार्गवी म्हणाली. "स्वल्पच. फळा रुसेल."

वर दार लागलं. पण जमिनीच्या फळ्यांना कुठलं आलंय दार? सकवारबाईंची खुर्ची आता खंडोजींच्या खुर्चीला लागून असायची. जिथं बसून त्यांनी इतकी वर्षं वर्ग ऐकला, तिथंच आता बाई बसल्या होत्या. वर घंटी वाजली, फटींतून कापराचा वास खाली आला. मग डस्टर आपटला, आणि भार्गवीचा आवाज हुबेहूब टीचरक्कासारखा.

"डिपेंड?"

"ऑन!"

"वेट?"

"फॉर!"

सुखदानं खंडोजींकडं बघितलं. खंडोजी ओशाळले, आणि वर जाऊन हळू म्हणा म्हणून सांगावं या विचारानं उठले.

"बिलाँग?"

"टू," असा आवाज आला, आणि तो वरून आला नव्हता.

खंडोजी वळले. सकवारबाई छताकडं बघत होत्या. वर भार्गवी म्हणाली, "लुक?" आणि वर्गात गोंधळ उडाला. कुणी आफ्टर म्हटलं, कुणी फॉर, कुणी दोन्ही.

"फॉरवर्ड," सकवारबाई खालून म्हणाल्या. आवाज घोगरा होता, पण अक्षर न् अक्षर स्वच्छ. "टू."

सुखदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. खंडोजी जिन्याच्या तळाशी धावले, कठडा दोन्ही हातांनी धरून वर ओरडले, "थांबू नका! ए भार्गवी, थांबू नका रे! म्हणत राहा!" त्यांचा आवाज फुटला. दुकानात तोट्याच्या दिवशीही कधी फुटला नव्हता.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर स्मृती मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, तक्तेही बघितले, आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "मी घरची भाषा म्हणाले होते. तुम्ही पुण्याची आणलीत."

सुखदाचा चेहरा पडला. खंडोजींनी हात वर केला. "तिचं काही चुकलं नाही मॅडम. घरची भाषा मी तिच्यापुढं काढलीच नाही."

मॅडमनी मग सावधही केलं. वर्षानुवर्षं घोकलेलं कधी कधी आपोआप बाहेर पडतं, म्हणाल्या. कुणाची प्रार्थना बाहेर येते, कुणाच्या शिव्या. याला अजून बोलणं म्हणता येणार नाही. बोलण्याकडं जाणारी वाट असेलही, नसेलही.

शंतनुनं त्यातलं पहिलं तेवढंच ऐकलं. "अप्पा, पोपटासारखं आहे ते. एक शब्द टाकला की दुसरा पडतो. तुम्ही उगाच आशा लावून घेऊ नका." हे तो रागानं म्हणाला, पण त्याला रडू आवरत नव्हतं म्हणून म्हणाला. आशा लावून घ्यायची भीती त्यालाच जास्त होती.

पोपट हा शब्द खंडोजींना फार लागला. दुसऱ्या दिवसापासून पेपर बाजूला ठेवून ते बाईंच्या पुढ्यात बसायला लागले. ज्या माणसाला इंग्रजी लागत नव्हतं तो आता सकाळी सकाळी म्हणायचा, "अफ्रेड?" बाई म्हणायच्या, "ऑफ." "इन्सिस्ट?" "ऑन." "लिसन?" "टू." जवळचे शब्द संपले तेव्हा दुकानात जाता जाता भार्गवीला रस्त्यात गाठून आणखी मागून आणले. तिकडं सुखदानं तक्ते नव्यानं लिहायला घेतले. एकेक चित्र पुढं धरून ती विचारायची, "अप्पा, याला तुम्ही काय म्हणता?" खंडोजी इकडं तिकडं बघून हळूच म्हणायचे, "पोरके," आणि ती टपोऱ्या अक्षरात पोरके लिहायची.

पाठराखिणी रोज येत होत्या. मागनं यायच्या अर्थाचा पत्ता नव्हता. वेट म्हटलं की फॉर यायचा, पण फॉर कुणासाठी, ते नाही. अफ्रेड म्हटलं की ऑफ यायचा, पण भीती कशाची, ते नाही. बाई तिथं येऊन थांबायच्या आणि खंडोजी पुढचा शब्द टाकायचे. थांबणं त्यांना सोसायचं नाही. आणि वाँट हा शब्द तर त्यांनी मुद्दाम टाळला होता. तिथं वर्गाचं घोकलेलं टूपाशी संपतं, पुढचं ज्याचं त्यानं आणायचं असतं, हे त्यांनी फळ्यांच्या खाली बसून हजारदा ऐकलं होतं. विचारलं, आणि टूच्या पुढं काहीच आलं नाही, तर? तर पोरगा म्हणतो ते खरं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं करत त्यांनी दिवस ढकलले.

दसरा उलटल्यावरच्या दुसऱ्या रविवारी शंतनु रिकामी खोकी घेऊन आला. मदतीला योगीराज होता. भांडी, देव, औषधं असं खालचं भरून झालं आणि दोघं माडीवर गेले. थोड्या वेळानं वर भिंतीतला खिळा उपटल्याचा करकर आवाज आला, आणि मग काहीतरी जड जमिनीवर टेकल्याचा. फळा उतरवला होता.

सकवारबाईंचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला गेला. त्या छताकडं बघत होत्या. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"शंतनु, थांब," खंडोजींनी वर हाक दिली. मग ते स्टूल ओढून बाईंच्या समोर बसले.

"वाँट?" ते म्हणाले.

"टू," बाई लगेच म्हणाल्या.

जिन्यावर पावलं वाजली आणि मध्येच थांबली. खंडोजींनी तिकडं बघितलं नाही. बाईंचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. खंडोजींच्या तोंडात मात्र शब्दांची रांग लागली होती. राहायचंय? जायचंय? पाणी? फळा नको काढू, असं म्हणायचंय? त्यातला एखादा पुढं केला असता तर बाईंनी मान डोलावली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मग ते कधीच कळलं नसतं. त्यांना एकाएकी दाराच्या चौकटीला टेकलेली ती मुलगी आठवली. मला, म्हणाली होती. पुढं काय होतं ते त्यांनी डोशाखाली दाबून टाकलं होतं. त्यानंतर ती उभा जन्म माडीवर दुसऱ्यांना विचारत राहिली, तुला काय हवंय, तुला काय हवंय, आणि तिला विचारणारं या घरात कोणी निघालं नाही.

त्यांनी जीभ दाताखाली धरली. दारावरून भाजीवाला गेला. शेजारी कुकर वाजला. वाट बघणं हे एवढं अंगमेहनतीचं काम असेल असं खंडोजींना कधी वाटलं नव्हतं.

"टू," सकवारबाई पुन्हा म्हणाल्या. कपाळावर घाम आला होता. "टू... माडीवर."

शंतनु होता तिथंच पायरीवर बसला.

"माडीवर!" खंडोजी उठलेच. "ऐकलंस? पोपट म्हणत होतास! माडीवर जायचंय तिला, वर्ग घ्यायचाय, फळा परत..."

टप्प.

बाईंनी डाव्या हाताचा तळवा खुर्चीच्या दांडीवर आपटला. डस्टर आपटायच्या तसाच. खंडोजी स्टुलावर परत बसले. बाईंचं अजून संपलं नव्हतं. अडलेल्या मुलाकडं बघायच्या तशा त्या आता खंडोजींकडं बघत होत्या, आणि अडल्या होत्या त्या स्वतः. सुखदा आतून येऊन भिंतीला लागून उभी राहिली.

"तुमी," बाई म्हणाल्या. खंडोजी वाट बघत राहिले.

"तुमी बी."

शंतनु आणि योगीराजनं खुर्चीसकट बाईंना उचललं. मागून खंडोजी एका हातात त्यांची काठी आणि दुसऱ्या हातानं कठडा धरून जिना चढले. वर भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर पूजेचं कुंकू अजून तसंच होतं. वर्गात ते पहिल्यांदाच येत होते, त्यामुळे कुठं बसायचं ते त्यांना कळेना. सकवारबाईंनी डावा हात उचलून त्यांना पहिला बाक दाखवला.